पन्नासला दोन कमी

"डॉक्टर काहीही म्हणोत, हात वर करायचा नाही. कळलं?" बसमधून उतरेपर्यंत मी ह्यांना दहादा बजावलं.

आमचे हे रंगारी. आठ महिन्यांपूर्वी कामावर असतानाच अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. इस्पितळाच्या बिलात माझे दागिने गेले, औषधांत होती नव्हती ती शिल्लक. व्यायाम शिकवणाऱ्या बाई एका खेपेला माझी दोन दिवसांची मजुरी घ्यायच्या. चार खेपांत मी सगळं पाहून घेतलं आणि त्यांना हात जोडले. मग रोज सकाळी मीच मास्तरीण. रागावून, प्रसंगी रडवून तो हात मी डोक्यापर्यंत आणला. आणि आता तोच लपवायचा! काय म्हणावं ह्या नशिबाला?

कारण सरकारी भत्ता. पन्नास टक्के अपंगत्वाचा दाखला मिळाला तर दरमहा पैसे, एकोणपन्नास आले की ठणठणपाळ. भत्त्याच्या भरवशावरच घरमालक भाड्याला थांबला होता. नाहीतर महिनाअखेर खोली खाली करा, असं त्याने स्वच्छ सांगितलं होतं.

ह्यांनी ऐकलं बरं का माझं. तपासताना डॉक्टर "हात उचला" म्हणाले तरी हात मांडीवर पडलेला तो पडलेलाच. डॉक्टरांनी पंचावन्न लिहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

शेवटचा रकाना राहिला होता. "काय काम करायचे तुम्ही?" डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, मला नाही. आठ महिन्यांत ह्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं हो! मी तोंड उघडेपर्यंत तो उजवा हात उठला. थरथरत डोक्याच्या वर गेला, सावकाश खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली. भिंत रंगवून दाखवत होते.

"अरे वा!" डॉक्टर मनापासून हसले. पंचावन्न खोडून त्यांनी अठ्ठेचाळीस लिहिलं. "छान मेहनत घेतलीत, बाई."

मी भांडले, पायाही पडले. "सहा महिन्यांनी पुन्हा तपासू," एवढंच म्हणाले ते.

बाहेर आलो तर ह्यांचा चेहरा नुसता फुललेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिडी चढायला माणूस लुळा आणि भत्ता द्यायची वेळ आली की धडधाकट!

"उद्यापासून व्यायाम बंद," मी म्हणाले. "सहा महिने तो हात हलवायचा नाही."

ह्यांना वाटलं, शाबासकी म्हणून सुट्टी दिली. डाव्या हाताने त्यांनी माझी पाठ थोपटली.