नव्वदातल्या सगळ्या जोड्या

मंगळवारी समुद्रात जायचं नाही, हा एन्यानम गावाचा नियम. समुद्राच्या देवाला आठवड्यातून एक दिवस शांतता लागते. पुरुषांना मात्र शांतता सोसत नाही, म्हणून ते मंगळवारी अराबाच्या लॉटरीच्या टपरीपुढे बसतात. कुणाच्या स्वप्नात बकरी आली, कुणाची सासू विहिरीत पडली, त्याचे आकडे किती, यावर तासन्‌तास खल चालतो.

क्वामेना मामांच्या होडीला मात्र दीड महिना रोजच मंगळवार होता. इंजिनाचा आतला दांडा मोडलेला. दुरुस्तीला साडेपाच हजार सेडी हवे होते आणि खलाशांच्या पेटीत होते चार हजार शंभर. तीन आठवड्यांवर माशांचा मोसम आलेला. मोसम हुकला तर सहा घरांची चूल वर्षभर खोकत बसणार, आणि त्यातलं एक घर अराबाचंच. तिचा नवरा एकोव त्या होडीचं सुकाणू धरायचा, आणि मामा म्हणजे त्याचे सख्खे मामा.

त्या मंगळवारी मामा आले ते पेटी काखेत मारूनच.

"अराबा, शनिवारी नव्वदातून पाच आकडे काढतात. बरोबर?"

"बरोबर, मामा."

"दोन जुळले की दोनशे चाळीस पट?"

"हो. एक जुळला तर चाळीस, तीन जुळले तर एकवीसशे, पाचही जुळले तर चव्वेचाळीस हजार पट."

"पाच राहू दे, मला हाव नाही." मामांनी आवाज खाली आणला, म्हणजे आता तो फक्त अर्ध्या गावाला ऐकू जात होता. "नव्वदातून दोन-दोनच्या जोड्या किती होतात?"

"चार हजार पाच."

"सगळ्या दे. प्रत्येकीवर एक सेडी."

टपरीपुढचा खल थांबला. चौदा वर्षं अराबा त्या मशीनमागे बसली होती. लोकांनी मेलेल्या आजोबांचं वय घेतलं होतं, बसचे नंबर घेतले होते, पाद्र्याला किती शिंका आल्या ते घेतलं होतं. सगळंच्या सगळं कुणी मागितलं नव्हतं.

"पाच आकड्यांत जोड्या दहा," मामा बोटं नाचवत म्हणाले. "म्हणजे दहा वेळा बक्षीस आपलंच, चुकायचा प्रश्नच नाही. चार हजार पाच गुणिले दोनशे चाळीस, ते दहा वेळा. शहाण्णव लाख बारा हजार. मी तीन वेळा गुणून पाहिलंय."

"मामा, गुणाकार बरोबर आहे. फक्त तो करायचाच नाही. दोनशे चाळीस पट जिंकलेल्या जोडीवरच्या पैशाची, म्हणजे एका सेडीची. दहा जोड्या, चोवीसशे सेडी. तुम्ही सोळाशे पाच सेडी समुद्रात टाकताय."

"मी घालणार चार हजार आणि तू मोजणार एक?"

"चाळीस जाळी टाकली आणि एकात मासे आले, तर माशांना चाळीसने गुणता का तुम्ही?"

"आता तू मला जाळी शिकव," मामा म्हणाले आणि टपरीपुढचे सगळे खदखदून हसले.

"अहो, शंभराला दहा सेडी दलाली मिळते मला. चारशे सेडी घरबसल्या येतायत, तरी नको म्हणते. काहीतरी कारण असेल ना?"

"असेलच की. भाचेसून आहेस, मामा श्रीमंत झालेला बघवत नसेल."

एकोवकडे तिने पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने वाळूत खड्डा करत होता. मामापुढे भाचा बोलत नसतो. हातचं सोडून पळत्याच्या पाठी निघालेल्या मामापुढे तर नाहीच.

मग काय, ती बसली. एका चिठ्ठीवर दहा जोड्या, अशा चारशे एक चिठ्ठ्या. एक-दोन, एक-तीन, एक-चार. दुपारपर्यंत बोटं सुजली. दिवस मावळला तेव्हा मशीन एवढं तापलं होतं की मान्सा म्हातारीने त्यावर कालची मक्याची केंकी गरम करून घेतली. बुधवारी कागदाचं रीळ संपलं, शेजारच्या गावातून तीन मागवली. चिठ्ठ्या हरवू नयेत म्हणून खलाशांनी त्या टोकाला टोक लावून चिकटवल्या. पट्टी टपरीतून निघाली, विहिरीला वळसा घालून चर्चच्या कुंपणावरून गेली आणि थेट बंद होडीपर्यंत पोचली. बकऱ्यांवर दोन माणसं पहाऱ्याला ठेवली.

आणि मग एक गंमत झाली. लोक पट्टीजवळून हळूहळू चालायला लागले, वाकून वाचत, देवळात चालतात तसे. मान्सा म्हातारी नवरा वारल्यापासून, म्हणजे तेवीस वर्षं, एकच जोडी खेळायची, बारा आणि सत्तर. ती तिला चर्चच्या फाटकाशी सापडली. तिने त्या कागदावर नुसता हात ठेवला.

"हे बघ, इथे आहे तो," ती अराबाला म्हणाली.

खरंच होता. तिचा नवरा होता, योफी खलाशाचं लग्न होतं, पाद्र्याच्या शिंका होत्या, सगळ्यांच्या बकऱ्या आणि विहिरीत पडलेल्या सगळ्या सासवा. गावाला आजवर पडलेलं आणि पुढे पडणारं प्रत्येक स्वप्न त्या पट्टीवर छापलेलं होतं. अराबाला वाटलं, चौदा वर्षं आपण समुद्र वाटीवाटीने विकत होतो, आज तो अख्खा दिसला.

"आणि पाच-पाचच्या किती होतील गं?" योफीने विचारलं.

तिने हिशेब केला, पुन्हा केला, आणि बसकण मारली. "चार कोटी एकोणचाळीस लाख एकोणपन्नास हजार दोनशे अडुसष्ट. आत्ताच्या वेगाने रोज बसले तर साठ वर्षं लागतील. रविवारची सुट्टी न घेता."

"आणि बक्षीस?"

"एकाला. चव्वेचाळीस हजार सेडी."

योफीने टोपी काढली. कुणासाठी काढली ते त्यालाही कळलं नाही.

शनिवारी संध्याकाळी सगळा गाव पट्टीच्या दोन्ही बाजूंना उभा राहिला आणि रेडिओ मोठा केला. सतरा. चार. त्रेसष्ट. अठ्ठ्याऐंशी. एकोणतीस. पोरं धावली. "चार-सतरा, विहिरीपाशी." बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. "सतरा-एकोणतीस, कुंपणावर." दर जोडीला ठेका वाढत गेला. दहावी, त्रेसष्ट-अठ्ठ्याऐंशी, होडीच्या नाकाशी सापडली, तेव्हा मान्सा म्हातारीसुद्धा नाचत होती. अराबाने दहाही चिठ्ठ्या मशीनला दाखवल्या आणि मशीनने दहादा जिंकल्याचं गाणं वाजवलं. एका माणसाच्या नावावर, एका संध्याकाळी, दहा. होणार हे अराबाला आधीपासून माहीत होतं, गणितच होतं ते, तरी तिने प्रत्येक गाणं बोटांवर मोजलं.

मग तिने चोवीसशे सेडी मोजून मामांच्या हातात दिले.

मामांनी हात तसाच पुढे ठेवला. "बाकीचे?"

"बाकीच्या तीन हजार नऊशे पंच्याण्णव जोड्या हरल्या, मामा."

मामांनी पट्टीकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सहा घरांचं इंजिन त्यांनी आपल्या हाताने कागदात गुंडाळलं होतं, आणि ते आता कुठे त्यांना दिसलं.

"मामा," योफी हळूच म्हणाला, "इंजिनाचं काय?"

मामा उत्तर देणार, एवढ्यात लोकांनी त्यांना खांद्यावर उचललं आणि गावभर मिरवलं. वर बसलेला माणूस रडतोय, तो आनंदानेच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

रविवारी पहाटे मामांच्या दाराशी पहिला माणूस आला. सोमवारी रांग लागली. पलीकडच्या तीन गावांत बातमी गेली होती की एन्यानमला असा एक म्हातारा आहे, ज्याने एका सोडतीत दहा जोड्या मारल्या.

"गुपित सांगा, मामा." पुढ्यात दहा सेडी, वर केंकी आणि तळलेला मासा.

"गुपित नाही बाबा. मी सगळ्याच जोड्या घेतल्या. सोळाशे पाच सेडी बुडाले."

माणूस डोळा मारायचा. "कळलं. असं उघड सांगत नसतात." आणि पैसे चटईवर ठेवून जायचा. जाताना मामांच्या शर्टाची बटणं मोजायचा, शिवाय ते किती वेळा खोकले तेही.

मामा हादरले. त्यांनी अराबाला बोलावून घेतलं. "मी फसवतोय का गं यांना?"

"तुम्ही खरं तेच सांगताय."

"मग ऐकत का नाहीत?"

"मंगळवारी तुम्ही ऐकलंत?"

मामांनी पुढच्या माणसाला आत घेतलं. अराबाने स्वतः बाहेर जाऊन रांगेतल्या एका शिक्षिकेला, वाळूवर काटकीने आकडे लिहून, अख्खा हिशेब समजावला. बाई मन लावून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पटलं. पण त्या सगळ्यांतून नेमक्या या दहाच कशा निवडल्या त्यांनी?"

अराबाने काटकी टाकून दिली.

बाराव्या दिवशी चटईवरचे पैसे, बक्षिसाचे चोवीसशे, पेटीत उरलेले पंच्याण्णव आणि मुकाट्याने ठेवलेली अराबाची चारशेची दलाली मिळून साडेपाच हजार पुरे झाले. पंधराव्या दिवशी नवा दांडा बसला. गाव पुन्हा किनाऱ्यावर. एकोवने दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली. अकराव्या ओढीला ते धडधडलं, आणि खलाशांनी हुश्श करून होडी पाण्यात ढकलली. मामा गुडघाभर पाण्यात हात जोडून उभे होते.

अराबा टपरीत परतली तर आधीच वीस जण उभे.

"अकरा," पहिला म्हणाला.

"आणि दुसरा?"

त्याने वळून समुद्राकडे पाहिलं आणि लाटेवर लहान होत चाललेल्या होडीतली माणसं बोट दाखवत मोजायला लागला.