निखाऱ्याला वैरण

माझ्या कंपनीत तीन विभाग आहेत. तंत्र विभाग म्हणजे मी, शिवदास. जाहिरात विभाग म्हणजेही मीच. ग्राहक सेवा विभाग म्हणजे माझी बायको शेवंती. ती फोन उचलून "हां, बोला" म्हणते आणि पुढचं मी समोर उभा राहून खुणांनी सांगतो. हा सगळा पसारा चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मावतो, आणि वर शेवंतीचे पापड-कुरडयांचे डबेही तिथेच मावतात. घरी पापड सादळतात, गाळ्यात कुरकुरीत राहतात, म्हणून तिने ते इथे आणून ठेवले. ह्या गोष्टीत केवढं शास्त्र दडलंय हे तंत्र विभागाच्या लक्षात आलं नाही. ती पुढची कहाणी.

पंचवीस वर्षं मी हॉटेलांसाठी स्टीलची टेबलं केली. टेबलाची तक्रार येत नाही. त्याने उभं राहावं, एवढीच लोकांची अपेक्षा. पण पन्नाशी उलटली की पुरुषाला काहीतरी सुचतं. कुणाला ट्रेकिंग सुचतं, मला पेलेट ग्रिल सुचलं. म्हणजे असं यंत्र, की एका बाजूच्या पेटीत लाकडाच्या भुशाच्या, खडूच्या तुकड्याएवढ्या कांड्या भरायच्या. खालचा स्क्रू फिरत फिरत त्या थोड्या थोड्या आगीच्या वाटीत ढकलणार, पंखा वारा घालणार आणि झाकणाखाली मासे-मटण आपोआप भाजत राहणार. फुंकर नको, डोळे चोळणं नको.

गुढीपाडव्याला मी ते विकायला काढलं. नाव ठेवलं 'निखारा'. पहिल्या पंधरा दिवसांत अकरा यंत्रं गेली. ती माझ्या कारागिरीमुळे गेली असं मी समजत होतो. खरं तर ती ओवीमुळे गेली.

त्याचं असं, की माझी आई देवगडची. तिच्या जात्यापाशी, तिच्या मांडीला डोकं टेकून मी वाढलो. स्क्रूचे आटे मोजतानाही माझ्या ओठांवर ओवी येते, ही जुनी खोड. पत्रकावर यंत्राची माहिती चार ओळींत उरकली आणि वर ठळक अक्षरांत छापलं:

*धूर ना डोळ्यांना, राख ना पदराला,*
*निखारा माझा बाई, जपतो घरादाराला.*

शेवंतीने ते दोनदा वाचलं. "अहो, हे सगळं खरं आहे का?"

"अगं, ओवी आहे ती. ओवीला कुणी गॅरंटी मागतं का?"

मागतात. एप्रिलमध्ये मढहून मागितली.

व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज आला, शाळेच्या बाईंचा असतो तसा स्वच्छ. "नमस्कार, मी व्हॅलेन्सिया. तुमचं मशीन वीस मिनिटं चालतं आणि विझतं. सव्वीस तारखेला, रविवारी, माझ्या ममा-पप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. आमच्या घरातल्या प्रत्येक सणाचं मटण पप्पांनीच भाजलंय, अंगणात, लाकडांवर. आता त्यांच्या छातीला धूर चालत नाही. डॉक्टरांनी चुलीजवळ फिरकायचंही नाही म्हणून सांगितलंय. पप्पा म्हणतात, मशीन नाय चालली तर मी लाकडं पेटवणार. ते पेटवतील, मी ओळखते त्यांना. तुमच्या कागदावर 'धूर ना डोळ्यांना' वाचलं, म्हणून मी हे घेतलं. काय करू सांगा."

आता इथे एखाद्या भल्या माणसाने स्कूटर काढली असती. पण मी नुकताच कंपनी झालो होतो. मी उत्तर लिहिलं: "कळवण्यास खेद होतो की आपल्या कांड्यांना पाणी लागले असावे. तंत्र विभाग."

"पाणी लागलेलं नाही. कपाटात ठेवल्यात."

"तरीही उन्हात वाळवाव्यात. तंत्र विभाग."

तीन दिवसांनी फोटो आला. अंगणात प्लास्टिकवर कांड्या पसरलेल्या, आणि शेजारच्या प्लास्टिकवर शेजारणीचा जवळा. मधे दुपारचा वारा. खाली ओळ होती: "वाळवल्या. आता मशीनला जवळ्याचा वास येतो आणि ते दहाच मिनिटांत विझतं."

मी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं: "कांड्यांमध्ये जवळा आढळल्यास वॉरंटी लागू होत नाही."

"असं कुठं लिहिलंय?" शेवंतीने विचारलं.

"हे काय, आत्ता लिहितोय की."

शेवटी मी तो सल्ला दिला, जो जगातला प्रत्येक तंत्र विभाग काही सुचेनासं झालं की देतो. बंद करा, परत चालू करा. तीन वेळा.

शनिवारी संध्याकाळी तिचा आवाज आला. आता तो शाळेचा नव्हता. "तीनदा केलं. तिसऱ्यांदा जळका वास आला आणि स्क्रू फिरायचाच थांबला. पप्पांनी आज लाकडं फोडून ठेवलीत."

शेवंतीने ते ऐकलं, परत एकदा ऐकलं आणि फोन टेबलावर उपडा ठेवला.

"तुम्ही त्या म्हाताऱ्याला धुरात बसवणार."

"मी कुठं बसवतोय? हवा, वापर, जवळा..."

"उद्या सकाळी जायचं. आणि ह्या डब्यातून कांड्या न्या." तिने पापडांचा मोठा डबा रिकामा करून माझ्यापुढे आपटला. "ह्याचं झाकण घट्ट आहे."

मार्वे, आक्सा, एरंगळ करत मी मढला पोचलो तेव्हा घरची मंडळी चर्चमधल्या मिस्साहून नुकतीच परतली होती. अंगणात तीन दगड मांडलेले, शेजारी लाकडांची चवड. पाटावर बनियनमध्ये बसलेला उंच म्हातारा. श्वास घेताना त्याच्या छातीतून बारीक शिटी वाजत होती, प्रेशर येण्याआधी कुकर वाजतो तशी. हा युस्टेस, म्हणजेच पप्पा.

"कंपनीतून आलास?"

"हो."

"इंजिनिअर?"

"मालक."

"अरे वा! व्हॅलेन्सिया, बघ, मालक आलाय. स्कूटरवर." त्याने माझ्या हातातला डबा पाहिला. "आणि जेवणाचा डबापण आणलाय."

मी यंत्र उघडलं. स्क्रूच्या भोवती भुसा फुगून सिमेंटसारखा बसला होता. त्यात एक जवळा अजून डोळे वटारून माझ्याकडे बघत होता. स्क्रूची मोटर गेली होती. तीनदा बंद-चालू करून कुणी घालवली, ते मला माहीत होतं आणि जवळ्यालाही माहीत असावं. तरी मी घसा साफ केला.

"बघा मॅडम, काय होतं, काही ग्राहक कांड्या नीट सांभाळत नाहीत..."

व्हॅलेन्सियाने हाताची घडी घातली. तशीच माझ्याकडे बघत उभी राहिली. माझं वाक्य आपोआप बसलं.

तेवढ्यात तिची आई मॉनिका चहा घेऊन आली. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, केसांत अबोली, आणि बशीत बिस्किटं. मी एक उचललं. ते तुटलं नाही, वाकलं.

"सादळलं ना?" मॉनिका म्हणाली. "आत्ताच पुडा फोडला, बाबा. इथं असंच. खाडी एका बाजूला, दर्या एका बाजूला. तासाभरात सगळं मऊ."

मी ते वाकलेलं बिस्किट हातात धरून बसलो. बिस्किट सादळतं. पापड सादळतात. फक्त माझ्या गाळ्यात सादळत नाहीत. का? तर भिंतीपलीकडे मधुकरचा पावडर कोटिंगचा कारखाना आहे आणि त्याची भट्टी सकाळपासून रात्रीपर्यंत पेटलेली असते. त्या भिंतीला टेकून आम्ही हिवाळ्यात पाठ शेकतो. त्याच भिंतीशी मी सहा महिने यंत्राची चाचणी घेतली, आणि कांड्या खडखडीत राहिल्या म्हणून स्वतःला शाबासकी दिली. बायको तिथे पापड का ठेवते हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. पेटीचं झाकण हवाबंद करायला रबराची एक पट्टी लागते. ती मी लावली नव्हती, म्हणून मढची दमट हवा आत शिरून कांड्या फुगत होत्या. ती लावायचा वेळ मी ओवीचं यमक जुळवण्यात घालवला होता.

"मॅडम," मी म्हटलं, "दोष माझा आहे. तुमचा नाही, जवळ्याचाही नाही."

युस्टेस हसला. हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला लांबत गेला. मॉनिकाने त्याची पाठ चोळली. मी तिथूनच शेवंतीला फोन लावला.

"हां, बोला."

"बाकी दहा जणांना कळव. पेटीचं झाकण चुकलंय, वापरू नका, आम्ही येऊन बदलून देतो. दोष आमचा."

"कंपनीच्या वतीने लिहू की तुमच्या?"

"माझ्या."

"कळवलंय," ती म्हणाली. "काल रात्रीच."

इकडे युस्टेस उठला होता. "चल, झाला तुझा काम. व्हॅलेन्सिया, माचिस आण. चाळीस मानसा येनार संध्याकाळी."

"पप्पा, नाही."

"मग काय, हॉटेलातून मागवू? पन्नास वर्सा हिला मी माज्या हातचा खाऊ घातला, आज हॉटेलचा घालू?"

तो माचिसकडे निघाला, आणि तपासताना मी चालू ठेवलेल्या यंत्रातून मला पंख्याचा आवाज ऐकू आला. मोटर मेली होती, पण पंखा फिरत होता. आग होऊ शकत होती, फक्त तिला घास भरवणारा स्क्रू नव्हता.

"थांबा," मी म्हटलं. "स्क्रूचं काम मी करतो."

स्क्रू खेचून बाहेर काढला. वाट मोकळी झाली. शेवंतीच्या डब्यातल्या कांड्या खडखड वाजत होत्या. मॉनिकाने मसाल्याचा लांब दांड्याचा चमचा दिला. मी वाटीत आग पेटवली, झाकणाखाली, घरी कुटून बाटल्यांत भरलेल्या बॉटल मसाल्यात रात्रभर मुरलेले मटणाचे मोठे मोठे तुकडे युस्टेसने स्वतः मांडले, आणि मी चमच्याने कांड्या घालायला लागलो.

पहिला चमचा जास्त झाला. धुराचा लोट उठला, युस्टेसच्या छातीतली शिटी वाढली आणि व्हॅलेन्सियाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी आयुष्यात विसरणार नाही. मग मी घाबरून कमी घातल्या, तर झाकणावरचा उष्णतेचा काटा धाडकन खाली. मोबाइलवर सेकंद मोजले. मोजताना एक मेसेज आला, मी तो वाचला, आग विझत आली. जे काम अर्ध्या वितीएवढी मोटर करते ते मालकाला जमेना.

"मालक," युस्टेस म्हणाला, "तुला परत बंद-चालू करू काय? तीनदा?"

मला आई आठवली. तिच्याकडे कुठे होतं घड्याळ? एक ओवी म्हणायची, संपली की जात्याच्या तोंडात मूठभर दाण्यांची वैरण. ओवी संपेपर्यंत वैरण दळून व्हायची, वैरण संपेपर्यंत दुसरी ओवी तयार. ओवी ही वेळ मोजायची वस्तू होती, आणि मी ती पत्रकावर छापली होती. मी डोळे मिटले आणि, चाळीस माणसांचं मटण समोर असताना, मढच्या त्या अंगणात भसाड्या आवाजात सुरू केलं:

*वैरण घालते मी, मूठ मूठ तांदळाची,*
*माझ्या जात्याला गं, भूक सात समिंदराची.*

एक चमचा.

*थोडकं घाल सुने, नको घाई जात्यापाशी,*
*घाईच्या पिठाची गं, भाकरी तुटे काठापाशी.*

एक चमचा.

काटा चढला, थरथरला आणि थांबला. झाकणाच्या फटीतून उदबत्तीएवढा निळा धूर निघाला आणि दर्याकडे गेला. युस्टेसने चिमटा उचलला, झाकण उघडलं, तुकडे फिरवले. फिरवताना त्याने कुणाकडेच पाहिलं नाही. अशा वेळी त्याच्याशी कुणी बोलायचं नसतं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक असावं.

एक तास गेला. दुसरा गेला. माझा खांदा भरून आला. शेजारची जवळेवाली भिंतीवरून बघायला आली. मॉनिका कांदे चिरत बसली होती. तिचं गाणं वेगळं, त्यांच्या हळदीचं, मसाला कुटण्याचं. पण तिने माझी चाल उचलली आणि सुरी न थांबवता जोडून दिलं:

*मढच्या वाऱ्यानं बाई, बिस्कुट सादळतं,*
*चारकोपच्या शहाण्याला, किती उशिरानं कळतं!*

अंगणभर हशा झाला. व्हॅलेन्सियासुद्धा हसली, आज पहिल्यांदाच. मी निमूटपणे एक चमचा वैरण घातली. ओवी मोजमापात अगदी बरोबर बसली होती.

चौथ्या तासाला माझ्या आईच्या ओव्या संपल्या. पुन्हा पहिल्यापासून म्हटल्या, त्याही संपल्या. मटण होत आलं होतं, थोडीच आग हवी होती, पण आता मधेच सोडून चालणार नव्हतं. एकच उरली होती. ती मी सकाळपासून टाळत होतो. शेवटी पुटपुटल्यासारखी म्हटली, शब्द कुणाला कळू नयेत अशी:

*धूर ना डोळ्यांना, राख ना पदराला...*

युस्टेसचा चिमटा हवेत थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा हाकलणार. त्याने तोंड मिटलं आणि नाकाने लांब श्वास घेतला, सावकाश, खोल, तळापर्यंत. आम्ही सगळे ऐकत होतो. व्हॅलेन्सिया दारात उभी राहून ऐकत होती. शिटी वाजली नाही.

"हां," तो म्हणाला आणि एक तुकडा उलटला. "आता म्हन मोठ्यानं."