नाही न म्हणणारा मामा

केलेपीने माझी डुकरीण नेली तेव्हा मी हसलो होतो. भर दुपारी आला, दावं सोडलं आणि जाता जाता म्हणाला, "मामा, हिला मी नेतो." विचारलं नाही, सांगितलं. आमच्या टोंगा बेटांवर विचारायचंच नसतं. थोरल्या बहिणीचं पोर म्हणजे फाहू. मामाच्या घरात जे जे आहे ते त्याचंच. त्याला चोरी म्हणत नाहीत, मान म्हणतात. ज्याचा भाचा काही नेत नाही त्या मामाकडे नेण्यासारखं काही नसतं, असं आमचे जुने लोक म्हणायचे.

मग लाकूड कापायची यांत्रिक करवत गेली, रेडिओ गेला, नवी घोंगडी गेली. बायकोचं शिलाई मशीन गेलं तेव्हा ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "मशीन माझ्या माहेरचं होतं. त्याचा मामा तू. माझ्या बापाच्या वस्तूवर त्याचा काय हक्क?"

शुक्रवारी आम्ही म्हातारे कावा प्यायला बसतो. तिथे मोसेसे म्हणाला, "साइआ, अंगातला सदरा तरी तुझा आहे का? की भाच्याला विचारून घातलास?" सगळे हसले. मीही हसलो, आणि खरं सांगायचं तर थोडा फुगलोही.

केलेपी बर्फ ओढतो हे गावाला माहीत होतं. काचेच्या चुऱ्यासारखी ती पांढरी पूड, तिला सगळे बर्फच म्हणतात. पण नशा म्हणजे काय, हे आपल्याला कळतं अशी आमची समजूत होती. जन्मभर कावा प्यायलेली माणसं आम्ही. मुळी कुटायची, पाण्यात गाळायची, करवंटीने प्यायची. जीभ बधिर होते, आवाज खाली येतो, वैरीसुद्धा गुडघा सरकवून जागा देतो. मग माणूस घरी जाऊन झोपतो. बर्फ म्हणजे तरुणांचा कावा, असं आम्ही धरून चाललो.

केलेपी झोपतच नव्हता. चार-चार दिवस नाही. ताईच्या अंगणातला पंप त्याने खोलला, एकेक बोल्ट ओळीत मांडला आणि तो परत जोडता येईना म्हणून रडला. तोंडात काही नसताना जबडा चावत राहायचा. नीरफणसाखाली उभा राहून वर बघायचा. वर माणसं बसून त्याचं नाव लिहून घेतायत, म्हणायचा. चर्चमध्ये खालच्या पट्टीत तो असा गायचा की बाक थरथरायचा. त्याने गाणं सोडलं. आवडत नाही, म्हणाला. काहीच आवडत नव्हतं त्याला.

पायाला कोयता लागला म्हणून मी दवाखान्यात गेलो. नर्स टाउफा जखम धूत होती. मी केलेपीचं विचारलं. ती म्हणाली, मेंदूत सुखाचं तेल असतं. जेवलं, गायलं, माणसात बसलं की एक थेंब जळतो. बर्फ सगळी बाटली एकदम पेटवतो. नंतर जेवणाने, गाण्याने वात लागत नाही, फक्त बर्फाने लागते, आणि तीही दर वेळी कमीच.

"परत भरतं का तेल?"

"भरतं. वर्ष लागेल, दीड लागेल. पण तोवर विकण्यासारखं काही त्याच्या हाती पडता कामा नये." पट्टीची गाठ मारून तिने वर पाहिलं. "त्याला कोण देतं, काका?"

तिला माहीत होतं. ती याच गावची.

त्या दिवसापासून मी 'नाही' म्हणायचा सराव करू लागलो. अडुसष्ट वर्षांत फाहूला कुणी नाही म्हटल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. उरलेल्या एका डुकराला म्हणून पाहिलं. ते माझा अळू खातच राहिलं.

मग तो होडीच्या इंजिनासाठी आला. ते डुक्कर सोडलं तर माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "नाही, केलेपी. आता नाही." मी परक्या भाषेत बोललो असावा तसा तो माझ्याकडे बघत राहिला. चिडला नाही. वळला आणि गेला.

तासाभराने ताई आली. मी दहा-अकरा वर्षांचा झालो तेव्हापासून आम्ही दोघं एका खोलीत बसलेलो नाही. भावाबहिणीची तशी रीत आहे. ती बाहेर ओट्यावर माझ्याकडे पाठ करून बसली आणि कुंपणाकडे बघत बोलली.

"साइआ, माझं पोर तुझ्या दारातून रिकाम्या हाताने आलं. सगळ्या वाडीने बघितलं. बाबांनी मानाने मला वर बसवलं होतं, तुला खाली. बाबा गेले म्हणून ते बदललं का?"

टाउफाने सांगितलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं. पण तुझा मुलगा नशेत मरतोय, हे बहिणीला सांगायचे शब्द भावाकडे नसतात. असल्या गोष्टी आमच्यात बोलल्या जात नाहीत. ताईची मान बारीक झालेली दिसली. तिलाही ठाऊक असावं, असं मला वाटलं. तरीही मी म्हणालो, "ताई, इंजिन जड आहे. मीच आणून देतो."

आणि मी ते खांद्यावर घालून तिच्या अंगणात नेलं. केलेपीने ते उतरवून घेतलं. त्याचं मनगट माझ्या हाताला लागलं, काठीसारखं. म्हणाला, "मामा, हे शेवटचं."

सहाव्या दिवशी तो खोबरं वाळवायच्या शेडमागे सापडला. टाउफा म्हणाली, काळीज धावून धावून थांबलं. सव्वीस वर्षांचा होता.

भाच्याच्या मयतीला मामा सगळ्यांत खालचा. बापाकडचे लोक देहाजवळ बसतात. मामाने कमरेला फाटकी मोठी चटई गुंडाळायची आणि मागच्या अंगाला, जमिनीतल्या भट्टीपाशी, धुरात राबायचं. उरलेलं डुक्कर मी कापलं. केलेपीचं तोंड मला बघायला मिळालं नाही, आणि ते मागायचीही रीत नाही.

दुपारी बायको पाणी घेऊन आली. बायकांच्या खोलीत ताई काय म्हणाली ते तिने सांगितलं. "ताई म्हणाली, एकदा नाही म्हणाला होता. मग धरून का नाही राहिला."

पुरताना मी सगळ्यांच्या मागे उभा होतो, हात राखेने माखलेले. पाद्रीबाबा बोलायला लागले. आजकाल रीत बुडत चालली, म्हणाले, पण या गावात अजून असा मामा आहे ज्याने आपल्या फाहूला शेवटपर्यंत नाही म्हटलं नाही. माणसं वळून माझ्याकडे बघू लागली, माना डोलावू लागली. मोसेसेने माझा खांदा दाबला. टाउफा तेवढी जमिनीकडे बघत होती.

मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला.