ओरडणारा थांबू शकतो

वज्रबाहू पाच वर्षं जगला. एवढं आयुष्य आमच्या टेबलावर दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नाही, आणि हे मी जरा छाती फुगवूनच सांगतो, कारण वज्रबाहू माझा होता. योद्धा, उंची साडेसहा फूट, हातात दुधारी कुऱ्हाड, कपाळावर वण. मी स्वतः सुतार, उंची बेताची, आणि डावा पाय थोडा ओढत चालतो. ज्याला जे मिळालं नाही ते तो कागदावर लिहून घेतो, असं मास्तर म्हणतात. मास्तरांना बोलायला काय जातं.

मास्तर म्हणजे भूगोलाचे शिक्षक. आठवडाभर ते शाळेत मुलांना नकाशे भरायला लावतात आणि रविवारी दुपारी माझ्या कारखान्यात येऊन, स्वतः काढलेल्या नकाशांवर आम्हाला ठार मारायला बघतात. खेळ तोच, जगभर खेळतात तसला: एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि कुऱ्हाड लागली की हुकली ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. रविवारी मशिनं बंद असतात. मधल्या मोठ्या बाकावरचा भुसा झटकायचा, सरसाचा डबा खाली ठेवायचा, आणि बसायचं.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी दोन नियम घालून दिले होते. प्रत्येक पात्राला जिवाचा एक आकडा असतो आणि मार बसला की तो कमी होतो. हा आकडा आपल्या कागदावर लिहायचा, कागद पालथा ठेवायचा आणि कुणालाही सांगायचा नाही. लढाईत कुणाच्या कपाळावर आकडा लिहिलेला नसतो, असं त्यांचं म्हणणं. विव्हळा, शिव्या द्या, काय वाटेल ते करा, पण आकडा बोलायचा नाही. दुसरा नियम असा की आकडा शून्यावर आला की ज्याचं पात्र त्यानेच कागद फाडून भुशाच्या पिंपात टाकायचा. मेलेला परत येत नाही.

माणूस कोणतं पात्र घेतो यावरून तो फारसा कळत नाही. ते कसं खेळतो यावरून मात्र पुरता कळतो. बेकरीच्या बाई जादूगार. दुकानात त्यांचा हात इतका सैल की डझन पाव मागितले तर तेरा टाकतात. पण खेळात त्यांच्याकडून एक मंत्र सुटेल तर शपथ. "पुढे मोठं काही आलं तर?" म्हणून जपून ठेवतात. मागची मोहीम संपली तेव्हा बाईंच्या झोळीत सात मंत्र कोरे करकरीत पडून होते. घड्याळवाला चोर. तो दिवसभर भिंगातून बारीक चाकं बघतो आणि इथे येऊनही तेच करतो. फरशी चाचपल्याशिवाय पाऊल टाकत नाही, कुलूप हुंगल्याशिवाय हात लावत नाही, आणि दुपारभरात चार वाक्यं बोलला तर आम्ही त्याला ताप आलाय का बघतो. आणि मी? मी दार उघडत नाही, फोडून आत जातो. मग मार खातो आणि वैद्याच्या नावाने ठणाणा करतो. योद्ध्याने तेच करायचं असतं.

वैद्य व्हायला कुणी तयार नसतं. दुसऱ्यांच्या जखमांवर हात ठेवून त्यांचा आकडा वाढवत मागे उभं राहायची हौस कुणाला? आमचा आधीचा वैद्य बदली होऊन गेला तेव्हा मोहीम बंद पडायची वेळ आली. मी ताईला घेऊन आलो.

ताई माझी थोरली बहीण. चौतीस वर्षं अपघात विभागात नर्स. त्यातली शेवटची पंधरा वर्षं ती दारातच उभी असायची. येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून कोण आधी आणि कोण नंतर हे ठरवायचं, हेच काम. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि ती घरातले ड्रॉवर पुनःपुन्हा लावत बसायची. मला ते बघवत नव्हतं. तिने पात्राच्या कागदावर नावाच्या जागी 'सिस्टर' असं लिहिलं आणि विचारलं, "माझी जागा कुठे?"

टेबलावर तिची ओळख करून देताना मी पायाची गोष्ट सांगितली. ती मी सगळ्यांनाच सांगतो. घरात चार माणसं जमली की कुणीतरी फर्माईश करतंच. मी बावीस वर्षांचा असताना शिडीवरून पडलो, नडगीचं हाड मोडलं, आणि मला नेमकं ताईच्याच विभागात नेलं. मी गुरासारखा ओरडत होतो. ताई आली, माझ्याकडे बघितलं आणि पुढे निघून गेली. थोड्या वेळाने परत आली, परत बघितलं, परत गेली. सख्खी बहीण. तीन तास खाटेवर तळमळत पडलो होतो. पाय ओढतो तो त्या तीन तासांमुळे, अशी पुस्ती मी शेवटी जोडतो. डॉक्टरांनी ती केव्हाच खोडून काढली आहे, पण गोष्टीला शोभते. लोक पोट धरून हसतात. ताई तेव्हा कुठेतरी कप विसळत नाहीतर काही निवडत बसलेली असते आणि काहीच बोलत नाही. त्या दिवशीही ती फासा हातात घेऊन त्याच्या बाजू मोजत बसली.

पहिल्याच लढाईत तिने माझं डोकं फिरवलं. तीन भाले लागले होते. मी बाकावर मूठ आपटून म्हणालो, "ताई, मेलो मी, इकडे बघ आधी."

"ओरडतोयस ना? मग श्वास चाललाय. थांब जरा," ती म्हणाली आणि बेकरीच्या बाईंकडे वळली. "तुमच्यावर हात ठेवते मी."

बाईंनी हूं की चूं केलं नव्हतं. लढाई संपल्यावर त्यांनी कागद उलटून दाखवला. आकडा दोनवर आला होता. "तुम्हाला कसं कळलं हो?" बाईंनी विचारलं. ताई म्हणाली, "तुम्ही बसल्यापासून नखातलं पीठ काढत होतात. मघाशी थांबलात."

चार महिने हे असंच चाललं. ती कुणाला काही विचारायची नाही. कोण पाणी प्यायचं विसरलं, कुणाची पेन्सिल एकाच जागी टेकून राहिली, एवढं बघायची आणि बरोबर त्याच माणसाकडे जायची. एकदाही चुकली नाही. त्या चार महिन्यांत भुशाच्या पिंपात एकही कागद पडला नाही, आणि मास्तर, जे आम्हाला मारण्यात पटाईत, ते हिरमुसले होऊन घरी जायला लागले. मी पाच वर्षं समजत होतो की हा खेळ कुऱ्हाडीने जिंकतात. तिने साधी काठीसुद्धा उचलली नव्हती. मला तिचा अभिमान वाटत होता आणि रागही येत होता, कारण एवढ्या दिवसांत माझ्या वाट्याला तिचा हात दोनदाच आला होता.

मग माझ्या सुपीक डोक्यात एक गोष्ट शिरली. ताई गप्प माणसाकडे जाते. ठीक आहे, मलाही गप्प बसता येतं.

मोहिमेचा शेवटचा रविवार आला. आम्ही जुन्या मनोऱ्याच्या तळघरात अडकलो होतो. बाहेर जायला एकच लोखंडी दार होतं, त्याला सात खटक्यांचं कुलूप, आणि ते फक्त चोर उघडू शकत होता. मागून राखणदार चालून येत होते. त्यांना मी अडवून धरलं आणि धरताना इतका मार खाल्ला की माझा आकडा तीनवर आला. घड्याळवाल्यालाही दोन-तीन बाण लागले होते. मास्तरांनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "छताला तडा गेलाय. या फेरीच्या शेवटी दगड पडणार, आणि ते सगळ्यांना लागणार. वैद्यबाई, तुमच्याकडे एकदाच बरं करण्यापुरती ताकद उरली आहे."

पाच वर्षं. हसू नका, कागदावरच्या माणसाचीही सवय होते. वज्रबाहूला तो ओढणारा पाय नव्हता. रविवारी दुपारी तीन तास मलाही तो नसायचा. मी पेन्सिल खाली ठेवली, मान खाली घातली आणि तोंड शिवून बसलो. पाच वर्षांत पहिल्यांदा. बेकरीच्या बाईंनी दचकून माझ्याकडे बघितलं, म्हणजे सोंग चांगलं वठलं होतं.

ताईने माझ्याकडे बघितलं. मग घड्याळवाल्याकडे. परत माझ्याकडे. माझी खात्री पटली.

"घड्याळवाल्यांना," ती म्हणाली. "माझा हात त्यांच्यावर."

मास्तरांनी फासा टाकला. दगडांनी प्रत्येकाचे चार घेतले. तीनातून चार.

घड्याळवाल्याने कागद उलटला. ताईने हात ठेवण्याआधी त्याचा आकडा एकवर होता. तिने तो ठेवला नसता तर तो गेला असता, दार बंद राहिलं असतं आणि त्या तळघरात आम्ही सगळेच संपलो असतो. त्याने सात खटके एकेक करून उघडले, दर वेळी फाशाला आधी फुंकर मारून. सगळे बाहेर पडले. सगळे म्हणजे तिघे. मी वज्रबाहूचा कागद उचलला. पाच वर्षांच्या खोडाखोडीने तो कापडासारखा मऊ झाला होता. फाडताना आवाजसुद्धा आला नाही.

बाकीचे गेल्यावर मी झाडू घेतला आणि झाडायला काहीही नसताना झाडत राहिलो. ताई फासे डबीत भरत होती.

"तुला दिसलं नाही मी गप्प होतो ते?" मी विचारलं. आवाज चढलाच.

"दिसलं ना. तू गप्प बसला होतास. ते गप्प झाले होते."

"म्हणजे?"

"गप्प बसलेला माणूस मधूनमधून बघतो, आपल्याकडे कुणी बघतंय का. तू तीनदा बघितलंस." ती डबीचं झाकण लावत म्हणाली, "त्यांचा फासा एरवी बोटांत फिरत असतो. तो बाकावर पडून होता. तुझंही संपत आलं होतं, धाकट्या, तेही दिसलं मला. पण तुझ्यात सोंग करायची ताकद होती. त्यांच्यात तेवढीही नव्हती."

झाडू हातात तसाच राहिला, आणि सव्वीस वर्षांत जे एकदाही डोक्यात आलं नव्हतं ते तोंडातून बाहेर पडलं.

"ताई, मी ओरडत होतो त्या दिवशी, माझ्या शेजारच्या खाटेवर कोण होतं?"

तिने आठवायला वेळ घेतला नाही. "आठ वर्षांची मुलगी. झोपाळ्यावरून पडलेली. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. आई म्हणत होती, दमलीये, झोप येतेय तिला. पोटात रक्त साचत होतं."

"मग?"

"वाचली. वेळेत आत नेलं."

"आणि मी इतकी वर्षं सगळ्यांसमोर..." मला माझी लाज वाटली, अगदी सरळ लाज. "सांगायचं ना कधीतरी."

"तू विचारलं नाहीस. आणि लोक हसत होते, तूही हसत होतास. मोडलेल्या पायाचं माणूस हसतंय, मी कशाला मध्ये पडू?" तिने डबी फळीवर ठेवली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तुझ्याजवळून दोनदा पुढे गेले तेव्हा मागे वळून बघायचं नाही असं ठरवून गेले. पण वॉर्डभर तुझा आवाज येत होता. तो येत होता तोवर मला दुसरीकडे हात चालवता आले. तो थांबला असता तर मी धावत आले असते."

पुढच्या रविवारी टेबलावर नवा माणूस होता, मास्तरांच्या ओळखीतला एक बसचालक. त्याला योद्धा हवा होता. मी म्हटलं घे, खुशाल घे, फक्त ओरडायला लाजू नकोस. मी स्वतः कोरा कागद घेऊन त्यावर 'सिस्टरचा मदतनीस' असं लिहिलं. मास्तरांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. बेकरीच्या बाईंनी खाऱ्या बिस्किटांचं पुडकं फोडलं आणि नेहमीप्रमाणे फर्माईश केली, "यांना ती पायाची गोष्ट सांगा ना. हसून हसून मरतील."

घड्याळवाल्याने फासा बोटांत धरला. ताई पेन्सिलला टोक काढायला लागली.

"सांगतो," मी म्हणालो. "माझ्या शेजारच्या खाटेवर आठ वर्षांची एक मुलगी होती."

ताईचा हात थांबला.