बलभीमाच्या श्वासावरचं पाणी

"सत्तावीस! अठ्ठावीस! एकोणतीस!"

आबारावांच्या भेगाळलेल्या वावरात भर दुपारी दीडशे माणसं एका सुरात आकडे म्हणत होती. मधोमध घोंगडीवर बलभीम उताणा पडलेला. डोक्याखाली दगड, हनुवटी छातीला टेकलेली, ओठ काळेनिळे. पोट धडपडत होतं, पण नाकातोंडातून श्वासाचा पत्ता नव्हता. उशाशी जमिनीतलं पाणी सांगणारा शरणप्पा पानाड्या डोळे मिटून बसला होता. एकतीसला बलभीमानं असा घोरका फोडला की पुढं बसलेली माणसं मागं सरली.

"एकतीस हातांवर पाणी!" शरणप्पा गरजला. "याचा जीव पाताळात उतरतो, गंगेला शिवतो आन् वर येतो. जितके आकडे, तितके हात!"

लोकांनी हात जोडले. सत्यभामेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बलभीम तिचा नवरा. त्याचा हा थांबणारा श्वास ती बारा वर्षं ऐकत होती. श्वास अडकला की कोपरानं ढोसायचं, कुशीवर वळवायचं, की झाला सुरू. यात कसली गंगा आणि कसलं पाताळ? रातची झोप अशी तुकड्यातुकड्यांची, म्हणून दिवसा तो बसल्या जागी पेंगायचा. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. सहा महिन्यांमागं बेंबळीच्या रस्त्याला त्यानं भरला टँकर खड्ड्यात घातला. दुष्काळात सांडलेलं पाणी! गाव त्याच्यावर थुंकलं, नोकरी गेली. आणि शरणप्पानं नेमका तेव्हाच त्याला हाताशी धरला.

"जाऊ नका," असं तिनं आज सकाळीसुद्धा हात धरून सांगितलं होतं.

"टँकर पडला तवा शिव्या देत व्हते. आता पाया पडतेत. जाऊ दे की," तो म्हणाला होता. त्याचंही खरं होतं, आणि तेच तिला जास्त लागत होतं.

आतापर्यंत पाच विहिरी याच्या श्वासावर खांदल्या गेल्या. चार कोरड्या ठाक. पाचवीला पाणी लागलं, कारण ती ओढ्याला खेटून होती. तिथं शेळीनं खूर मारला असता तरी ओल लागली असती. पण चार कोरड्यांचं कुणी नावसुद्धा काढत नव्हतं, आणि पाचवीचा बोभाटा पार वाशीच्या बाजारापर्यंत.

आबारावांनी फेटा सारखा केला. "महाराज, इथं चाळीस हात खांदलंय म्या मागच्या साली. थेंब न्हाय लागला. तुमी एकतीस म्हंतासा?"

दुसरा असता तर तोंड लपवून गेला असता. शरणप्पा हसला. "ते वरचं पाणी रुसलं, सावकार. खालचं बघू. शंभर हात खोल पाठवतो याला. पर दुप्पट प्रसाद लागंल."

त्यानं बटव्यातून गुळात घोळलेली काळी गोळी काढली. बलभीमाचे डोळे अर्धवट उघडले होते, नजर ठिकाणावर नव्हती. शंभर आकडे! एकतीसला ओठ निळे पडणाऱ्या माणसाकडून हा शंभर आकडे वसूल करणार होता. आणि गावातला एकही जण आडवा आला नाही. उलट एक जण म्हणाला, "जरा दमानं मोजा रं, शंभर हुतील."

सत्यभामा गर्दीतून सरळ आत घुसली. तिच्यामागं मुक्ताबाई नर्स होत्या. बौद्धवाड्यातल्या, उपकेंद्रावर नोकरीला. कालच सत्यभामेनं त्यांना सगळं सांगितलं होतं. सत्यभामेनं शरणप्पाच्या हातातली गोळी हिसकली. मुक्ताबाईंनी ती फोडून हुंगली.

"अफू हाय ही. एक पोटात गेलीच हाय. दुसरी गेली तर श्वास परत यायचा न्हाय."

"प्रसाद हाय न्हवं?" सत्यभामेनं गोळी शरणप्पाच्या तोंडासमोर धरली. "घ्या, खावा तुमीच."

"आज... आज आमाला उपास हाय."

"सकाळी आमच्या घरी मटन वरपलं की!" आबारावांच्या तोंडून निघून गेलं, आणि गर्दीत हशा पिकला.

सत्यभामेनं डोक्याखालचा दगड लाथाडला. दोघींनी मिळून बलभीमाला कुशीवर वळवलं. श्वास सरळ वाहू लागला.

"मोजा की आता! का गप बसलाव?" ती ओरडली. "एकच्या फुडं आकडा जाईना व्हय? आवो, उताणं निजलं की याची जीभ घशात पडती, वाट बंद हुती. अफूनं आजूक ढिली. आकडे पाण्याचे न्हाईत, गुदमरण्याचे हायत. आन् श्वास थांबला की पाणी असतंय, तर माझं घर खांदा! बारा वर्सं रोज थांबतोय तिथं!"

शरणप्पा वहाणा तिथंच टाकून ओढ्याच्या बाजूनं पसार झाला. आबारावांनी जीप काढली. सोलापूरच्या दवाखान्यापर्यंत मुक्ताबाईंनी बलभीमाला कुशीवरून हलू दिलं नाही.

बलभीम वाचला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, हा झोपेतला आजार आहे. परदेशात त्यावर नुकतंच यंत्र निघालंय, नाकावर मुखवटा बांधून घरीच निजायचं. आपल्याकडं अजून आलेलं नाही. मुक्ताबाईंनी गावात सायकलची फाटकी ट्यूब आणून दाखवली: तोंडानं ओढली की चिकटते, फुंकर मारत राहिलं की उघडी राहते. घशाचंही तसंच; यंत्र एवढंच करतं, रातभर फुंकर. ते येईपर्यंत दारू-अफू बंद, वजन कमी, आणि बनियनला पाठीवर चिंध्यांचा चेंडू शिवायचा, म्हणजे उताणं निजताच येत नाही.

महिन्यानं शेजारची चांगुणा हळदकुंकवाचं ताट घेऊन दारात उभी. "वैनी, तेवढा चेंडू दावा की. माझ्या सासऱ्याचाबी श्वास अडकतोय. पाया पडून जाते."

सत्यभामेनं कपाळावर हात मारला. मग कात्री घेतली, वाळत घातलेल्या बनियनचा चेंडू चर्रकन उसवला, आणि आतल्या चिंध्या चांगुणाच्या ताटात ओतल्या.

"बघ, माझं जुनं लुगडं हाय हे. देव न्हाय यात," ती म्हणाली. "कुंकू ठिव घरी. सासऱ्याला कुशीवर वळव, आन् उद्या सकाळच्याला मुक्ताबाईकडं घिऊन जा. माणसाचा श्वास थांबला तर आकडे मोजत बसू नगंस, बाई. त्याला हलव."