इनास तुस्कानोचा शेवटचा सामना

पॅट्रिक तुस्कानो शारजाला आले ते तीन महिन्यांसाठी. त्याला आता अडीच वर्षं होत आली होती. बायको ब्रिजिट गेल्यावर वसईजवळच्या गिरीजच्या घरात आपण एकटे राहिलो असतो तर कोणाचं काही अडलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. पण तिच्यासाठी चर्चमध्ये महिन्याचा मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाला त्याच दिवशी क्रिसने, त्यांच्या एकुलत्या मुलाने, तिकीट दाखवलं. आधी व्हिजिट व्हिसा होता, मग क्रिसच्या नावावर रेसिडेन्स व्हिसा झाला, मग तो दर वर्षी रिन्यू व्हायला लागला. पासपोर्ट घरातल्या सगळ्यांच्या पासपोर्टांबरोबर क्रिसच्या कपाटात एका फाइलमध्ये असायचा.

अल मजाजला चौदाव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट होता. एक खोली क्रिस आणि त्याची बायको लॅरिसाची, दुसरी त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीची, केलीची. पॅट्रिक हॉलमध्ये खिडकीपाशी दिवाणावर झोपायचे. क्रिसचं ऑफिस दुबई मरीनाला, त्यामुळे तो सकाळी पावणेसहालाच बाहेर पडे. जरा उशीर झाला की शारजाच्या वेशीवरच तास जायचा. लॅरिसा केलीला स्कूल बसमध्ये बसवून आपल्या क्लिनिकला जाई. त्यानंतर दुपारी चारपर्यंत घरात फक्त एसीचा आवाज.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत ते रोज खाली तळ्याकाठी फिरायला जात. एका सकाळी त्यांना घेरी आली. ते बाकावर बसले आणि बसल्या बसल्या कलंडले. कोणीतरी अँब्युलन्स बोलावली. चार तासांनी घरी सोडलं, विशेष काही निघालं नाही. पण डॉक्टर लॅरिसाला म्हणाले की यांना एकट्याने फिरू देऊ नका, विमानाने तर नाहीच. तेव्हापासून बिल्डिंगचं दार उघडायचं कार्ड लॅरिसाच्या पर्समध्ये राहू लागलं. दाराला कुलूप कधीच नव्हतं. पॅट्रिकना बाहेर जाता आलं असतं, फक्त परत वर येता आलं नसतं. लॅरिसाने हे प्रेमाने समजावलं होतं आणि त्यांनीही मान हलवली होती. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवलेला माणूस दिवसाला चाळीस वेळा हॉलची लांबी मोजायचा.

त्यांनी बरोबर आणलेल्या सामानात एक जुनी वही होती. त्यांचे आजोबा इनास तुस्कानो १९१२ साली मुंबईच्या एका कॉलेजात शिकत होते आणि फुटबॉल टीमचे सेक्रेटरी होते. गिरीजहून कॉलेजात गेलेला तो पहिलाच मुलगा. त्या सीझनची ही वही. काही इंग्रजीत, काही मराठीत, बारीक तिरक्या अक्षरात. पावसाळ्याने पानं एकमेकांना चिकटली होती, म्हणून ती कोणी नीट वाचली नव्हती. वाचायची गरजही नव्हती, कारण त्या सीझनची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. इनास अनवाणी खेळायचा, आणि फायनलला शेवटच्या मिनिटाला त्याने गोल मारून कॉलेजला कप मिळवून दिला. पॅट्रिकच्या वडिलांनी ती त्यांना सांगितली, त्यांनी ती क्रिसला सांगितली आणि शाळेत दर वर्षी नव्या टीमला सांगितली.

सप्टेंबरात त्या कॉलेजातून मुनिबा काझी नावाच्या प्राध्यापिकेचा फोन आला. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासावर पुस्तक काढत होतं. पॅट्रिकनी खूप वर्षांपूर्वी कधीतरी लिहिलेलं एक पत्र तिला फायलीत सापडलं होतं. त्यांनी तिला गोलची गोष्ट अर्धा तास सांगितली. ती म्हणाली की चौदा डिसेंबरला प्रकाशन आहे, तुम्ही स्वतः येऊन बोललात तर फार बरं होईल.

त्या रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. क्रिस ताटातून वर न बघता म्हणाला, बघू डॅडी, इन्शाल्ला. लॅरिसाने माशाची तुकडी त्यांच्या ताटात वाढली.

मग त्यांनी वही उतरवून काढायला घेतली. रोज सकाळी घर रिकामं झालं की ते टेबलाशी बसत. पहिला सामना जुलैच्या शेवटी मेडिकलच्या मुलांशी, बरोबरी. दुसरा हरले, तीन-एक. इनासने कारण लिहिलं होतं: कॉलेजने बुटांचे सातच जोड घेतले होते, आणि ज्यांना बूट मिळाले त्यांचे पाय सोलून निघाले. तो स्वतः राइट हाफला, मधल्या फळीत उजवीकडे, अनवाणी खेळत होता आणि मजेत होता. कॅप्टन मिनोचेर सराव संपल्यावर सगळ्यांना लिंबू-मीठ देई. वामन नावाचा मित्र गोली होता. ऑगस्टात ते लागोपाठ चार सामने जिंकले. सेमीफायनल गोऱ्या पलटणीच्या टीमशी झाली. एका सोल्जरने इनासच्या अंगठ्यावर बूट ठेवला. रुमाल बांधून तो पुन्हा उतरला, आणि दोन-एक जिंकले. दोन्ही गोल मिनोचेरचे. त्या पानावर त्याने इंग्रजीत लिहिलं होतं की आज मला कोणी विचारलं तुला काय हवं, तर मी काहीच मागणार नाही.

हे वाचताना पॅट्रिक उभे राहिले. किती दिवसांनी त्यांना कोणाला तरी काही सांगावंसं वाटत होतं. केली शाळेतून आल्यावर त्यांनी तिला ते पान वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दॅट्स कूल, ग्रँडपा," आणि दप्तर ठेवून आत गेली.

फायनलचं पान लिहिलेल्या भागातल्या शेवटच्या दोन चिकटलेल्या पानांत होतं. वसईच्या दमट हवेत ती कधीच सुटली नसती. अडीच वर्षांच्या एसीने ती कोरडी झाली होती. एका मंगळवारी त्यांनी कडेने लोण्याची सुरी फिरवली आणि पानं सुटली.

वर तारीख होती. खाली अकरा नावं. राइट हाफसमोरचं आपलं नाव इनासने पेन्सिलने खोडलं होतं. त्याखाली मराठीत चार ओळी होत्या. "बाबा गुरुवारी न्यायला आले. थोरला गेला. वाडी पाहायला आता कोणी नाही. मी खेळलो नाही." मग थोडी जागा सोडून, वेगळ्या शाईत: "वामनचे पत्र आले. एक-शून्य जिंकलो. गोल कोणी मारला ते लिहिले नाही."

पुढची पानं कोरी होती.

पॅट्रिकनी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. आजोबा त्यांना आठवत होते. केळीच्या वाडीत पाणी सोडणारे, फारसं न बोलणारे. पॅट्रिक अकरा वर्षांचे असताना ते गेले. गोलची गोष्ट त्यांनी स्वतः कधी सांगितल्याचं आठवेना. ती नेहमी वडील सांगत, आणि आजोबा तेवढ्यात उठून बाहेर जात.

आता तर मुंबईला जायलाच हवं, असं त्यांना वाटलं. फोनवर हे सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी गिरीजला पुतण्याला, विन्स्टनला, फोन लावला आणि घर उघडून जरा झाडून ठेव म्हणून सांगितलं.

"अंकल, घरात भाडेकरू आहेत. मे महिन्यापासून," तो म्हणाला. "क्रिसने सांगितलं नाही तुम्हाला?"

क्रिसने सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी कॉन्सुलेटमध्ये ज्या कागदांवर सह्या केल्या, ते कागद आता त्यांना आठवले. पेन्शनचं काम आहे असं क्रिस म्हणाला होता, आणि त्यांनी चष्मा घरी राहिला म्हणून न वाचता सही केली होती. ते घराचं मुखत्यारपत्र असणार.

ते शनिवारपर्यंत थांबले. शनिवारी सकाळी सगळे घरी होते. केली उठली नव्हती. चहा झाल्यावर त्यांनी सरळ विचारलं. क्रिसने नाकारलं नाही. बंद घर गळायला लागलं होतं, वाशांना वाळवी लागली होती, कोणीतरी राहणारं हवं होतं, असं त्याने सांगितलं. सांगणार होतो, पण तुम्ही मनाला लावून घ्याल म्हणून राहून गेलं. आईचं कपाट एका खोलीत नीट बंद करून ठेवलं आहे. लॅरिसा मध्येच म्हणाली की मी तेव्हाच म्हटलं होतं, डॅडींना विचारा.

"माझा पासपोर्ट दे," पॅट्रिक म्हणाले.

क्रिस आत गेला आणि पासपोर्ट आणून त्याने टेबलावर ठेवला. त्याचे कान लाल झाले होते.

"हा घ्या. मी काय तुम्हाला कैदेत ठेवलंय का? पण जाऊन राहणार कुठे ते सांगा. आणि पुन्हा घेरी आली तर तिथे कोण धावणार?"

"ते माझं मी बघेन. निदान मला विचारायचं तरी होतंस."

"तुम्ही मला विचारलं होतं, डॅडी?"

पॅट्रिकना लगेच कळलं तो कशाबद्दल बोलतोय. चोवीस वर्षांत हा विषय दोघांत निघाला नव्हता. क्रिस वीस वर्षांचा होता, तालुक्यात त्याच्यासारखा गोली नव्हता. गोव्याच्या एका क्लबच्या माणसाने त्याला पाहिलं आणि घरी फोन केला, ट्रायलला पाठवा म्हणून. फोन पॅट्रिकनी घेतला. मुलगा गल्फला चालला आहे, व्हिसा आला आहे, असं त्यांनी सांगितलं. व्हिसा यायला तेव्हा चार महिने अवकाश होता. क्रिसला ते त्या माणसाकडूनच कळलं, शारजाला आल्यानंतर, एका वर्षाने.

"दुसऱ्यांच्या मुलांना तुम्ही एकतीस वर्षं फुटबॉल शिकवलात," क्रिस म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मी रोज चार तास गाडीत असतो. नोकरी गेली तर दोन महिन्यांत आपण सगळे इथून बाहेर. तुम्हाला वाटतं तुम्ही एकटेच इथे अडकलात."

लॅरिसाने कप उचलले आणि नळ सोडला.

पासपोर्ट त्यांनी आपल्या शर्टांच्या खणात ठेवला. पुढचे तीन दिवस ते फोन करत होते. विन्स्टन म्हणाला, या अंकल, एक-दोन रात्री काही प्रॉब्लेम नाही. त्याच्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं होती हे त्यांना माहीत होतं. ब्रिजिटची बहीण स्वतःच मुलीकडे राहत होती. शाळेतला जुना सहकारी फोनवर त्यांना ओळखेपर्यंत बराच वेळ गेला. बरोबर कोणी असेल तर विमानाला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण लॅरिसाची रजा संपली होती आणि क्रिसला डिसेंबरात रजा मिळणार नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनी फोन करणं सोडलं. पासपोर्ट हातात होता आणि ते दिवाणावर बसून होते. तो क्रिसच्या कपाटात होता तेव्हा निदान कोणावर तरी रागावता येत होतं.

चौदा डिसेंबरला ते हॉलमधूनच बोलले. केलीने लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवला आणि त्यांची कॉलर सारखी केली. पडद्यावर कॉलेजचं सभागृह दिसत होतं, पहिल्या रांगेत टाय लावलेले म्हातारे माजी खेळाडू. पॅट्रिक बोलू लागले तर कोणाला काही ऐकू जाईना.

"ग्रँडपा, यू आर ऑन म्यूट," केली म्हणाली.

त्यांनी सीझन सांगितला. सात जोड बूट, लिंबू-मीठ, सोल्जरचा बूट आणि अंगठा. लोक हसले, टाळ्या झाल्या. मग त्यांनी शेवटचं पान वाचलं. "मी खेळलो नाही" इथे ते थांबले, आणि म्हणाले की आमच्या घरात सांगितली जाणारी गोलची गोष्ट खरी नाही. गोल कोणी मारला ते मला माहीत नाही. माझ्या आजोबांना त्यांचे वडील घरी घेऊन गेले होते आणि ते पुन्हा कधी कॉलेजात आले नाहीत.

पहिल्या रांगेतले म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. मग सूत्रसंचालकाने सरांचे आभार मानले, नेटवर्कमुळे थोडा व्यत्यय आला म्हणून दिलगिरी व्यक्त केली आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं. नेटवर्कला काही झालं नव्हतं.

पुस्तक जानेवारीत ईमेलने आलं. चौतिसाव्या पानावर लिहिलं होतं: अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला इनास तुस्कानो यांनी अनवाणी पायाने मारलेल्या गोलमुळे कॉलेजला विजय मिळाला. खाली संदर्भ होता, नातू पॅट्रिक तुस्कानो यांच्याशी झालेली बातचीत. मुनिबा काझीने फोनवर मनापासून माफी मागितली. नोव्हेंबरातच छापून झालं होतं, सर. पुढच्या आवृत्तीत नक्की बदलू. पुढची आवृत्ती निघणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. पॅट्रिक तिला म्हणाले की चूक तुमची नाही, मीच सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी क्रिस साडेसातला आला. बूट न काढताच तो दिवाणाच्या कडेला टेकला. केलीने त्याला सगळं सांगितलं असावं, कारण त्याने वही मागितली. फायनलचं पान त्याने वाचलं, मग मागे जाऊन सेमीफायनलचंही वाचलं.

"पुन्हा कधी खेळले नाहीत?" त्याने विचारलं.

"नाही. वाडीच केली शेवटपर्यंत."

क्रिसने वही मिटली, पण हातातून ठेवली नाही.

"त्या क्लबच्या माणसाशी मी खोटं बोललो," पॅट्रिक म्हणाले. "मला भीती वाटली होती. तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही."

क्रिस खिडकीकडे बघू लागला. खाली तळ्याभोवतीचे दिवे लागले होते. लॅरिसाने आतून जेवायला हाक मारली. तो काहीतरी बोलेल असं पॅट्रिकना वाटलं, आणि त्याने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने मेसेज वाचला आणि उद्या आठ वाजता मीटिंग लागली आहे, पाचलाच निघावं लागेल, असं सांगून तो बूट काढायला उठला.