जिभेवरची काजळी

पारनेरच्या स्टँडमागे जीपचे बॉनेट उघडे होते. त्याच्या एका अंगाला सहादू उभा होता, दुसऱ्या अंगाला त्याचा धाकटा भाऊ गोरक्ष. आणि मध्ये, सहादूच्या पसरलेल्या तळहातावर, मी. कित्येक महिन्यांनी भाऊ समोर आला होता, तोही राहिलेली पान्यांची पेटी नेण्यापुरता. त्याच्यापुढे धरायला सहादूपाशी माझ्यावाचून दुसरे काही नव्हते.

मित्रांनो, मी या जीपचा जुना स्पार्क प्लग. पांढऱ्या चिनीमातीची मान, पोलादी कंबर, खाली आटे, आणि टोकाशी एवढीशी फट. त्या फटीत ठिणगी पडते, पेट्रोलची वाफ पेटते आणि गाडी पुढे सरकते. माझे आयुष्य म्हणजे असंख्य पहाटा. एकीचाही कधी दिवस झाला नाही.

नगरच्या एका दुकानात, कागदी खोक्यात, मी वाट पाहत पडलो होतो. मला निवडले ते गोरक्षने. तो जुना प्लग खिशात घालून आला होता. त्याने माझे आटे त्याच्या आट्यांना लावून पाहिले, लांबी नखाने मापली. दुकानदार कंटाळून म्हणाला, "मुलगी बघायला आलाय का प्लग?" गोरक्ष हसला. "मुलगी एक वेळ जमवून घेईल, मालक. ह्यो बोटभर लांब निघाला तर पिस्टनच्या डोस्क्यावर आपटंल." मग त्याने माझ्यासारखेच आणखी तीन निवडले आणि आम्ही चौघे भाऊ पारनेरला आलो.

जीप लष्कराच्या लिलावातली, म्हातारी, पण जिद्दीची. सहादू ती पारनेर-नगर रस्त्यावर चालवी आणि गोरक्ष तिची प्रकृती सांभाळी. दर अमावास्येला त्यांची आई, गोजरबाई, गाडीला लिंबू-मिरची बांधी. त्याच दिवशी गोरक्ष आम्हांला बाहेर काढी, पोस्टकार्डाची घडी फटीत सरकवून अंतर पाही आणि आमची तोंडे उन्हाकडे फिरवी. "वैद्य जीभ बघतो का न्हाई," तो सहादूला म्हणे, "तशी ही गाडीची जीभ, दादा. खाल्लेलं-पिलेलं समदं हितं दिसतं." माझे टोक तेव्हा शेंगेच्या टरफलासारखे फिकट तपकिरी असे. तो समाधानाने मान हलवी. मित्रांनो, कोणीतरी आपल्याला वाचते आहे, याहून मोठे सुख मला ठाऊक नाही.

मग बहात्तर साल आले. आभाळ नुसतेच निळे राहिले. रस्तोरस्ती दुष्काळी कामे निघाली, माणसे खडी फोडू लागली आणि धुळीचा एक पिवळा पडदा दिवसभर हवेत लोंबत राहू लागला. गोरक्ष तेव्हा काही दिवस सासुरवाडीला श्रीगोंद्याला गेला होता. गोजरबाई मोहट्याच्या देवीला जाऊन आली. देवीच्या ओटीतला एक खण तिने सहादूच्या हाती दिला आणि गाडीला बांध म्हणून सांगितले. सहादूने तो बॉनेटखाली, हवा गाळणाऱ्या डब्याच्या तोंडावर, दुहेरी करून आवळून बांधला. धूळही अडेल आणि देवीची राखणही होईल, असा त्याचा साधा हिशेब होता.

पण आगीलाही श्वास लागतो. पेट्रोल तेवढेच येत होते आणि हवा मात्र गुदमरत होती. माझ्या टोकावर काजळी बसू लागली. गाडी अडखळू लागली, मागून काळा धूर सोडू लागली. मी काळा झालो, कारण तेवढी एकच भाषा मला येत होती.

गोरक्ष परतला, त्याने मला काढले, पाहिले, आणि मग तो खण पाहिला. हवा कोंडते आहे, हा सोडू या, एवढेच तो म्हणाला. सहादूचा चेहरा उतरला आणि लगेच ताठ झाला. आईने देवीकडून आणलेल्या वस्त्राला हात लावायचा नाही, असे त्याने बजावले. गोरक्ष पुन्हा पुन्हा समजावू लागला, तेव्हा स्टँडवरच्या चार माणसांदेखत सहादू म्हणाला,

"तुला धड प्लग निवडता येईना, आन् नावं देवीला ठेवतोस व्हय रं?"

त्याच दिवशी सहादूने नगरहून नवे प्लग आणले. आम्हांला काढून सीटखालच्या गंजक्या डब्यात टाकले. नवे प्लग कोरे होते, म्हणून गाडी चार दिवस झकास पळाली. स्टँडवर लोक गोरक्षला 'प्लग पारखी' म्हणून चिडवू लागले. त्या हसण्यात सहादूही हसला. आठवडा संपायच्या आत गोरक्ष बायकोला घेऊन श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात कामाला निघून गेला.

मग नवेही काळे झाले. एका दुपारी चढावर जीप जागीच थांबली. गाडीत गोजरबाई होती. सहादूने बॉनेट उघडले, तशी तीही खाली उतरून पाहू लागली.

"खण गाडीच्या नाकावर बांधला व्हय?" ती म्हणाली. "म्या तर आरशाला बांधाया दिला हुता. सोड त्यो. देवी कुनाचा दम कोंडत न्हाई, बाबा."

तिने स्वतःच गाठ सोडली. सहादूने प्लग पुसून बसवले. गाडीने एक लांब श्वास घेतला आणि चढ चढून गेली. डब्यात पडल्या पडल्या मी तो श्वास ऐकला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची एकच विनंती आहे. एखादा काळा पडला, तर त्याला फेकून नवा आणण्याआधी विचारा, तो कशाने काळवंडला. नवे तोंड चार दिवस गोड बोलते. दुखणे आत तसेच राहते.

आणि आज मी त्या तळहातावर होतो. गोरक्षने मला उचलले. माझे टोक त्याने सवयीने उन्हाकडे फिरवले आणि अंगठ्याने काजळी पुसली. खालची चिनीमाती थोडी उजळली.

"आईनं सोडला त्यो खण," सहादू म्हणाला. मग खाली पाहत, "तू म्हनत हुतास तेच खरं हुतं. हे म्या आता म्हनलं, तर काय उपेग हाय का, गोरक्षा?"

गोरक्षने मला अलगद सहादूच्या तळहातावर परत ठेवले. पेटी उचलली आणि तो श्रीगोंद्याच्या एसटीकडे चालू लागला. त्याच्या अंगठ्यावर माझी काजळी तशीच होती.